पुलाच्या अलीकडचं गाव

"नाही मॅडम, तसं नाही झालं," मी म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर घाबरले.

हेजीब मॅडम फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांचा खडू होता तिथेच थांबला. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला अर्थशास्त्र घेतलेले विद्यार्थी पुष्कळ होते, पण 'भारताचा आर्थिक इतिहास' हा ऐच्छिक पेपर घेणारे आम्ही एका बाकावर नाही तर दोन बाकांवर मावू एवढेच. बाकीच्यांनी बँकिंग घेतलं होतं. त्यात पाठ करायला कमी, पुढे नोकरीला बरं. मी इतिहास घेतला तो हेजीब मॅडम शिकवायच्या म्हणून. पन्नाशीच्या, उंच, चालताना पदर खोचून भरभर चालणाऱ्या. शिकवताना मधेच कुणाला तरी उठवून "कशावरून म्हणतोस?" असं विचारायच्या, आणि समोरचा निम्मा गार व्हायचा.

त्या दिवशी विषय होता वऱ्हाडात आलेली रेल्वे. रेल्वे आली तेव्हा काही गावं उभी राहिली आणि काही बसली, असं मॅडम सांगत होत्या. बसलेल्या गावांचं उदाहरण म्हणून त्यांनी फळ्यावर लिहिलं, सिरसपेठ. एकेकाळी कापसाचा नामांकित बाजार. रेल्वेचं स्टेशन नदीपलीकडे दूर पडलं, आणि काही वर्षांत बाजार उठला.

सिरसपेठ माझं गाव. आमच्या गावाचं नाव फळ्यावर लिहिण्यासारखं काही असेल हेच मला ठाऊक नव्हतं. आधी आनंद झाला. मग राहवेना.

मॅडम वळल्या. "काय नाही झालं?"

"रेल्वेमुळे बाजार नाही मोडला मॅडम."

"कशावरून?"

"मी तिथली आहे."

"तिथली असणं हा काही पुरावा नाही. पण उभी राहा. सांग."

मी उभी राहिले. "आमच्या पणजोबांनी खटपट करून सरकारकडून नदीवर पूल बांधून घेतला. आम्हाला गावात पूलवाले गावंडे म्हणतात ते त्यामुळेच. पुलाच्या दगडावर एकोणीसशे नऊ साल आहे. तुम्ही रेल्वे सांगता ती त्याच्या चाळीसेक वर्षं आधीची. बाजार तेव्हाच उठला असेल, तर उठलेल्या गावाला सरकार एवढा मोठा पूल कशाला बांधून देईल?"

कुणीतरी मागे हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू फळ्याच्या कट्ट्यावर ठेवला, हात झटकले आणि खुर्चीवर बसल्या. शिकवताना त्या कधी बसत नसत.

"हे मी छापलेलं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या प्रबंधात सिरसपेठवर एक अख्खं प्रकरण आहे. गॅझेटियर वाचलं, रेल्वेचे अहवाल वाचले. एक सोडून सगळं केलं. तिथे कधी गेले नाही." मग एकदम म्हणाल्या, "कुंदा, तू घरी कधी जाणार आहेस?"

"रविवारी."

"मी येते."

*

आमच्या घरी प्राध्यापक येणार म्हटल्यावर बाबांनी अंगण नव्यानं सारवून घेतलं. माझे बाबा, वासुदेवराव गावंडे. शेती करायचे, शिक्षण चौथीपर्यंतचं, पण बोलणं असं की तालुक्याच्या साहेबानं ऐकत राहावं. मला कॉलेजात त्यांनीच पाठवलं होतं, तेही काकांचा विरोध पत्करून. मात्र पाठवताना अट घातली होती की बी.ए. झालं की पुरे. दर्यापूरचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा शिक्षक, घरची शेती, माणसं चांगली. परीक्षा झाली की बोलणी करायची असं ठरल्यातच जमा होतं, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार होती असंही नाही. पुढे शिकायचं म्हणजे काय शिकायचं, हेच मला माहीत नव्हतं.

आईनं पातोड्यांचा रस्सा केला होता. मॅडम पाटावर मांडी घालून बसल्या आणि मागून मागून जेवल्या, त्यामुळे आई अर्धी जिंकली गेली. बाबा मात्र ताटावरही स्वस्थ नव्हते.

"मॅडम, आमचा पूल पाह्याचा असन तुम्हाले," ते म्हणाले. "यंदा पंच्याहत्तर वर्षं होऊन राह्यली त्याले. संक्रांतीनंतर मोठा कार्यक्रम घेतो आम्ही. कमिटी केली. मीच अध्यक्ष हाय."

"पूल पाहूच," मॅडम म्हणाल्या. "पण आधी मला गाव दाखवा. बाजार कुठे भरायचा तिथून."

आम्ही तिघं निघालो. बाबा पुढे, मॅडम मधे, मी मागे. पेठेची गल्ली मी रोज पाहत आले होते. पाणी आणायला, दळणाला, शाळेत जाताना. त्या दिवशी मॅडमच्या मागून चालताना ती पहिल्यांदा नीट पाहिली. गल्लीच्या मानानं घरं फार मोठी होती. मोठाले दरवाजे, ओटे, आणि ओट्यांवर आता वाळत घातलेल्या मिरच्या नाहीतर बांधलेल्या शेळ्या. नदीच्या बाजूला ओळीनं तीन धर्मशाळा. त्यातल्या एकीत प्राथमिक शाळा, एकीत पोस्ट, एक नुसतीच. जनावरांना पाणी पाजायचे दगडी हौद तर इतके लांब, की आम्ही लहानपणी त्यांच्या काठावरून पळायच्या शर्यती लावायचो.

"एवढे हौद कशाला लागले असतील?" मॅडमनी विचारलं.

"बैलबंड्या यायच्या ना मॅडम. कापसाच्या. वरच्या मुलखातून," बाबा म्हणाले. "येथीसा नदीच्या उतारावर अडकायच्या. तवा नदीले होळीपर्यंत पाणी राह्यचं. कापूस भिजला का भाव पडला. मंग कास्तकार कायले जोखीम घेते? येथीसाच विकून मोकळा व्हायचा. पुढं स्टेशनावर न्यायचं काम अडत्याचं. आमचा लक्ष्मणबाबा अडत्याच होता. नावाही त्याच्याच होत्या, मोठ्या-मोठ्या. गाठी नावेत घालून पलीकडं."

"तुमचे आजोबा?"

"हो, माहा आजा. कुंदाच्या आज्याचा बाप तो."

आमच्याकडे दाराच्या चौकटीवर घर बांधल्याचं साल कोरायची रीत होती. मॅडम प्रत्येक दारापाशी थांबून साल वाचत होत्या. शके होतं ते. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन निघतो हे त्यांनी मला सांगितलं, आणि मीही मनातल्या मनात बेरीज करत चालू लागले. देवळाजवळची घरं सगळ्यांत जुनी, रेल्वेच्याही आधीची. ती थोडीच होती. पेठ जशी नदीकडे सरकत गेली तशी सालं पुढची येऊ लागली. रेल्वे आल्यानंतरची. एक घर, दुसरं घर, अख्खी ओळ.

मॅडमनी माझ्याकडे वळून पाहिलं. चेहरा फुललेला होता. "तुझं बरोबर होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रेल्वेनं बाजार मोडला नाही. वाढवला! कापसाला पलीकडे गिऱ्हाईक मिळालं, आणि पलीकडे जायची वाट अवघड. म्हणून तर ही पेठ एवढी वाढली."

मला असा आनंद झाला की पुढची दारं मी जवळजवळ धावत वाचली. मॅडमची छापलेली गोष्ट मी, सिरसपेठची कुंदा गावंडे, खोटी पाडली होती. आणि त्या रागावल्या नव्हत्या, उलट खूष दिसत होत्या! गल्लीच्या टोकाला पोचले. शेवटचं घर. साल वाचलं, अठ्ठ्याहत्तर मिळवले. पुन्हा मिळवले. मग मागे वळून सबंध गल्लीकडे पाहिलं.

तेव्हा मात्र मला नीटसं काही उमगलं नाही. काहीतरी खटकलं, एवढंच.

बाबा आम्हाला पुलावर घेऊन गेले. दगडी कमानींचा पूल, अजून ठणठणीत. मधोमध कठड्यात बसवलेला दगड बाबांनी खांद्यावरच्या पंच्यानं पुसला. पुलासाठी झटलेले म्हणून लक्ष्मण गावंडे हे नाव त्यावर होतं, आणि साल.

"एका साली आमची नाव उलटली," बाबा सांगू लागले. "चार माणसं गेली. हंगामाची गर्दी, नाव जास्त भरलेली. तवापासून लक्ष्मणबाबानं ध्यास घेतला. साहेबांच्या दारी अर्ज दे, नागपूरले जाय, पुन्हा अर्ज दे. लोक हसत. पण माणसानं पूल आणलाच! गावासाठी याच्याएवढं काम कोणं केलं नाई मॅडम. मंग पुढं गाव बसलं ते बसलंच, त्याले बाबा तरी काय करन? नशीब गावाचं."

तेवढ्यात वरच्या मुलखाकडून कापसानं भरलेला एक ट्रक आला. आम्ही कठड्याला चिकटून उभे राहिलो. ट्रक गावाकडे न बघता पुलावरून धडधडत निघून गेला. त्याच्या मागून दुसरा. तोही थांबला नाही.

कशाला थांबेल?

मी बाबांकडे पाहिलं. ते अजून पंच्यानं दगड पुसत होते. पेठेतल्या एकाही दारावर पुलानंतरचं साल नव्हतं.

*

परतीच्या एस.टी.ची वाट बघत आम्ही दोघी फाट्यावर उभ्या होतो. मॅडम म्हणाल्या, "तुला दिसलं."

"हो."

"मलाही. ट्रक गेला तेव्हा."

"मॅडम, नदी आडवी होती म्हणून बाजार होता," मी म्हणाले. "पूल झाला, आणि शेतकरी आपला कापूस आपणच स्टेशनावर न्यायला लागला. अडत्या नको, नाव नको, धर्मशाळा नको. आमच्या पणजोबांनीच... बाबांना हे कसं सांगू? त्यांच्या हातात दुसरं आहे काय, त्या पुलाशिवाय?"

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी माझ्यापुरतं लिहिणार आहे. रेल्वेनं सिरसपेठ बुडवली असं मी म्हटलं होतं, ते चूक होतं, एवढं मी छापून सांगेन. ते मला सांगितलंच पाहिजे. पुलाचं तुझं आहे. तू लिहिलंस तर तुझ्या नावानं येईल. नाही लिहिलंस तर मी लिहिणार नाही."

"आणि नाही लिहिलं तर तुम्हाला वाईट वाटेल?"

"वाटेल. पण वर्गात तुझी जागा तीच राहील. त्याची काळजी करू नकोस."

एस.टी. आली. सगळ्या वाटेत त्या मला दुसरंच काही शिकवत राहिल्या. खर्च म्हणजे नुसता पैसा नव्हे. वाट बघण्यात गेलेला वेळ हा खर्च आहे, बैलांचे हाल हा खर्च आहे, भीती हासुद्धा खर्च आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात भीतीचा आकडा सापडत नाही, पण माणूस निर्णय घेतो तेव्हा तो धरूनच घेतो. मी तीन वर्षं अर्थशास्त्र शिकत होते. त्या दिवशी त्या हलणाऱ्या गाडीत ते मला पहिल्यांदा माणसांबद्दलचं शास्त्र वाटलं.

*

डिसेंबरात बाबा होस्टेलवर आले. डोक्याला नवी टोपी, पिशवीत आईनं दिलेले लाडू.

"कार्यक्रम ठरला," ते म्हणाले. "सभापती येऊन राह्यले. अन् पुलाचा इतिहास कोणं सांगाचा, तर कमिटीत एकमतानं ठरलं, वासुदेवरावची कुंदा सांगन. कॉलेजात तेच शिकते ते. तुह्या काकानंसुद्धा हो म्हटलं पोरी! बोलशील ना?"

त्यांचा चेहरा बघून मी हो म्हटलं. त्या रात्री, आणि पुढेही बरेच दिवस, मी मनात दोन भाषणं करत होते. एक होतं बाबांना हवं असलेलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. नाव उलटली, अर्ज केले, पूल आला. फक्त ते पुलाशी थांबत होतं. दुसरं पुलावरून पुढे जात होतं.

मॅडमना विचारायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मी सांगणार नाही. गाव तुझं, वडील तुझे. मी श्रोत्यांत येऊन बसेन. तुझ्या बाबांनी मला स्टेजवर बोलावलंय, पण मी खालीच बसेन."

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी नदीकाठच्या मैदानात मंडप घातला होता. पुलाला आंब्याच्या पानांची तोरणं आणि झेंडूच्या माळा. लाउडस्पीकरवर देशभक्तीची गाणी. सगळं गाव आलं होतं, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. आई पहिल्या सतरंजीवर, तिच्या शेजारी मॅडम. स्टेजवर सभापती, काका, आणि अध्यक्ष म्हणून बाबा. पणजोबांचा फोटो नव्हताच, म्हणून पुलाच्याच फोटोला हार घातला होता.

माझं नाव पुकारलं. मी माईकसमोर उभी राहिले आणि समोर पाहिलं. हौदाच्या काठावर पोरं बसली होती. मागे पेठेची ती मोठाली घरं. मला वाटलं, या गावातली माणसं पंच्याहत्तर वर्षं स्वतःला नशिबानं मारलेली समजत आली आहेत. कुणी म्हणतं देवीचा कोप, कुणी म्हणतं गावातल्या भांडणांनी गाव खाल्लं. खरं कारण कुणी त्यांना सांगितलेलंच नाही. ते कळायचा यांना हक्क नाही का?

मी नावेपासून सुरुवात केली. अर्जांचं सांगितलं. टाळ्या पडल्या. मग म्हणाले, "आता मी पुढचं सांगते. ते ऐकायला गोड नाही."

आणि सांगितलं. पेठ रेल्वेनंतर कशी वाढली, दारांवरची सालं काय बोलतात, आणि ती पुलाशी येऊन कशी थांबतात. "आपला बाजार नदीच्या भीतीवर उभा होता," मी म्हणाले. "बंड्या इथे थांबायच्या, कारण त्यांना पुढे जायची भीती वाटायची. पूल झाला, भीती गेली. भीतीबरोबर बाजारही गेला. यात गावाचा दोष नाही. नशिबाचाही नाही."

स्टेजवरचे काका उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"म्हणजे आमच्या आज्यानं गाव बुडवलं म्हणतं काय तू? त्याच्याच कार्यक्रमात उभी राहून?"

"नाही काका. वरच्या मुलखातल्या शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव आपण करता यायला लागला तो पुलामुळे. आणि नदीत पुन्हा माणूस गेलं नाही. बाजार गेला हेही खरं आणि हेही खरं. मी दोन्ही सांगितलं."

मी बाबांकडे पाहायचा प्रयत्न केला. ते समोर कुठेतरी बघत होते, माझ्याकडे नाही. आभार मानायला ते उठले तेव्हा लिहून आणलेला कागद त्यांनी खिशातून काढलाच नाही. सभापतींचे आभार, गावकऱ्यांचे आभार, जेवून जा, एवढंच म्हणाले आणि बसले.

*

घरी पंगत वाढली होती. सभापती काकांकडे जेवायला गेले. आमच्या घरी बाबा, मॅडम आणि मी. आई वाढत होती आणि पुन्हा पुन्हा बाबांच्या तोंडाकडे पाहत होती. बाबांनी पहिला घास घेतला आणि हात ताटातच ठेवून बसून राहिले.

"वासुदेवराव," मॅडम म्हणाल्या, "तिला मी शिकवलंय. राग असेल तर माझ्यावर काढा."

बाबांनी मान हलवली. राग नव्हता, निराळंच काहीतरी चाललं होतं त्यांच्या मनात. "मॅडम, एक गोष्ट हाय. आम्ही ते बाहेर कोणाले सांगत नाई. लाज वाटते." त्यांनी आईकडे बघितलं. "पूल झाल्यावर दोन-तीन हंगामांत लक्ष्मणबाबाचा धंदा बसला. नावा तशाच काठावर सडल्या. शेवटी एक दिवस दुकान बंद झालं. माह्या बापानं पाह्यलं ते, तवा तो पोरगा होता. दुकानाले कुलूप घातलं अन् लक्ष्मणबाबानं गावात पेढे वाटले."

"पेढे?" मी म्हणाले.

"पेढे. घरोघरी. त्या नावेत ज्याईची माणसं गेली होती, त्याईच्या घरी आधी. घरचे रडून राह्यले, अन् हा पेढे वाटते. लोक म्हणे, धंदा बसला अन् म्हातारा भ्रमिष्ट झाला. आमच्या घरात ते तसंच धरलं सर्वाईनं. मीबी तसंच धरलं." ते माझ्याकडे वळले. "आज तू तेथी बोलत होती अन् माह्या डोळ्यासमोर ते पेढेच आले. म्हटलं, अरे, हा भ्रमिष्ट कायचा?"

मी ताटावरून अर्धी उठलेच. "म्हणजे त्यांना माहीत होतं! पूल झाला की आपला धंदा जाणार हे त्यांना आधीपासून माहीत होतं, मॅडम! तरी त्यांनी..."

"बस," मॅडम म्हणाल्या. मी बसले. "पेढे वाटले, असं घरात सांगत आलेत. एवढंच आपल्याला माहीत आहे. का वाटले, ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. लिहिशील तेव्हा एवढंच लिही."

माझा चेहरा पडला. बाबांचाही पडला. स्वतःच्या आजोबाला पंच्याहत्तर वर्षांनी वेडातून सोडवलं होतं त्यांनी, आणि ही बाई ते पुन्हा काढून घेत होती.

मॅडमच्या ते लक्षात आलं. ताटातला भात त्यांनी उगीच थोडा सारखा केला. मग बाबांकडे बघून म्हणाल्या, "हे मी कॉलेजातलं सांगितलं. घर तुमचं आहे. घरात मुलांना तुम्ही काय सांगावं, त्याला माझी हरकत नाही. आणि खरं सांगू का? मी तुमच्या घरची असते, तर मीही तेच सांगितलं असतं."

बाबा हसले. सकाळपासून पहिल्यांदा. आईनं न विचारता मॅडमच्या ताटात आणखी एक पुरणपोळी टाकली आणि तुपाची धार धरली ती पुरे म्हणेपर्यंत सोडली नाही.

जेवणं उरकली. मॅडम हात धुऊन ओट्यावर आल्या तेव्हा बाबा तिथेच पंच्यानं तोंड पुसत उभे होते. मी दारात होते, पण ते माझ्याशी बोलले नाहीत. मॅडमशीच बोलले.

"मॅडम, हे जे हिनं केलं ना, दारावरचे साल वाचून वाचून... याच्या पुढचं शिक्षण कोठी भेटते?"

"नागपूरला. दोन वर्षं लागतील. मग आणखी शिकायचं म्हटलं तर आणखी."

"होस्टेल असते तेथी?"

"असतं."

बाबांनी पंचा खांद्यावर टाकला. "मंग दर्यापूरच्या पाहुण्याईले मी उद्या सांगून येतो. थांबत असन तर थांबा म्हणतो. नाईतर राम राम."

*

दर्यापूरचे पाहुणे थांबले नाहीत. मी नागपूरला गेले, एम.ए. केलं, पुढे पीएच.डी., आणि अठ्ठावीस वर्षं आर्थिक इतिहास शिकवून निवृत्त झाले. लग्नही झालं, जरा उशिरा, आणि चांगलं झालं. काका दोन वर्षं बोलले नाहीत, मग बोलू लागले.

त्याच वर्षी मॅडमचा लेख छापून आला. आपलं आधीचं म्हणणं चुकीचं होतं असं त्यांनी पहिल्याच परिच्छेदात सांगितलं होतं, आणि ती चूक कुणी दाखवली तेही. पाठोपाठ माझा निबंध आला, पुलावरचा. त्यात पेढ्यांबद्दल एकच वाक्य आहे, कोरडं, मॅडमनी सांगितलं तसं. बाबांना मी तो वाचून दाखवला तेव्हा ते वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. बाकीचं मी सांगतो." आणि सांगत राहिले, आल्यागेल्याला, नातवंडांना, दर वेळी थोडं अधिक रंगवून.

मॅडम गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. बाबा त्यांच्या नंतर गेले. आपलं छापलेलं खोटं ठरतंय की काय हे पाहायला एस.टी.त बसून निघालेली बाई मला विसाव्या वर्षी भेटली. आणि भर मंडपात आपल्या घराण्याचा एकुलता एक मान हातातून गेला, तरी त्याच दुपारी ओट्यावर उभं राहून, पुढचं शिक्षण कुठे मिळतं, असं विचारणारा बाप मला मिळाला. त्या दोघांपैकी एकजण जरी निराळा असता, तर माझं काय झालं असतं हे मला सांगता येणार नाही. त्याला पुरावा नाही. पण घरी मुलींना मी सांगते.